जॅकेट मोजायचे की घालायचे?

पाण्यावर दुर्घटना झाली की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. बोटीत माणसे किती होती, परवाना किती जणांचा होता आणि लाइफ जॅकेटे होती का? १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले, तेव्हाही हेच तीन प्रश्न निघाले. त्यानंतर तिथे प्रवाशांना जॅकेटची सक्ती झाली, हे चांगलेच झाले. पण तिसरा प्रश्न मुळात चुकीचा विचारला जातो, असे मला वाटते. जॅकेटे ‘होती का’ हा साठ्याचा प्रश्न आहे. बँकेत असताना गोदामातला तारण माल मोजायला मी अनेकदा गेलो आहे. पोती मोजली की वही जुळते; पोत्यात काय आहे ते कळतेच असे नाही. छताखाली सुतळीने आवळून बांधलेली जॅकेटे अशीच मोजणीपुरती पुरतात. बोट बुडू लागल्यावर गाठ सोडायला सवड कुठली?

आणि चर्चा होते ती बहुधा पर्यटकांची. रोजच्या पोटासाठी पाण्यावर जाणाऱ्यांची बातमी दोन दिवसांत विरते. २०२४च्या जानेवारीत गडचिरोलीतल्या गणपूरच्या मजूर बायका वैनगंगेपलीकडे मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात बुडाली. त्यातही सहाच. पोहून काठाला लागला तो एक पोलीस उपनिरीक्षक.

‘आम्हाला पोहता येते’ हे नदीकाठी हमखास ऐकू येणारे उत्तर. आपल्यापैकी अनेकजण पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून विहिरीत पोहायला शिकले. भोपळा तरंगवतो खरा, पण पाठ वर आणि तोंड पाण्यात! हात मारणाऱ्याला ते सोयीचे, डोक्याला फळी लागून शुद्ध हरपलेल्याला नाही. बाजारातल्या जॅकेटांतही नेमका हाच भेद आहे. त्यांची तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो उचल. पन्नास न्यूटनचे जॅकेट म्हणजे आधुनिक भोपळा. ते शुद्धीवर असलेल्या पोहणाऱ्यासाठी, काठाजवळच्या कामासाठी. संथ पाण्यात शंभरचे आणि उघड्या, लाटांच्या पाण्यात दीडशेचे हवे. प्रौढ माणसाला डोके वर ठेवायला चार-पाच किलोची उचल पुरते. बाकीची ताकद लागते ती पालथ्या पडलेल्याला उताणे करून नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवायला. म्हणून त्या जॅकेटांत फोम छातीवर आणि मानेमागे जास्त असतो. खरेदी करणारे साहेब मात्र दर पाहतात आणि रंग. (रंग पाहावाच, नारिंगी हवा, निळा पाण्यात दिसत नाही.)

गॅसच्या नळकांड्याने फुगणारी जॅकेटे अंगाला हलकी, उकाड्यात बरी. पण नळकांडे एकदा फुटले की नवे घालावे लागते आणि तपासणी वेळच्या वेळी व्हावी लागते. ज्या घाटावर नावेची भोके वेळेवर बुजत नाहीत तिथे ही चैन परवडणारी नाही. तिथे साधा फोमच बरा. तोही बसायला उशी म्हणून वापरला की दबून निकामी होतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट माप. पुरुषी मापाचे जॅकेट किडकिडीत बाईच्या अंगावर घातले तर पाण्यात ते वर सरकून कानांशी येते आणि ती खालून निसटते. परीक्षा सोपी आहे: पट्टे आवळून दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढावे, हनुवटीपर्यंत आले तर माप चुकले. खालून पाय-पट्टा घेता आला तर उत्तम. पण तो गोल साडीवर बसत नाही आणि ज्यांनी हे जॅकेट आखले त्यांच्या डोळ्यांसमोर शेतमजूर बाई नव्हतीच. जाळे ओढणाऱ्याच्या पट्ट्यात जाळे अडकते, ही तक्रारही आळशीपणाची म्हणून झटकून टाकू नये. त्याला आटोपशीर, बाजू मोकळ्या असलेले जॅकेट द्यावे.

म्हणून मागणीपत्रावर सही होण्यापूर्वी नमुन्याची दोन-तीन जॅकेटे घाटावर न्यावीत, कामाच्या कपड्यांनिशी नावाड्याला आणि मजूर बायकांना कमरेएवढ्या पाण्यात घालायला सांगावीत, दोरी धरून काठावर कुणीतरी उभे राहावे. मग त्यांनी पसंत केलेली मागवावीत, त्यांच्या मापांची, आणि ती नावेत नव्हे तर नावेत चढण्याच्या जागी, हाताला येतील अशी टांगावीत.