भुवया परत येतीलच असं नाही!

परवा पार्लरमध्ये माझ्या आधी एक मुलगी खुर्चीत बसली होती. अकरावी-बारावीतली असावी. मोबाइलवरचा फोटो दाखवत पार्लरवाल्या ताईंना म्हणाली, ‘अशा करा, एकदम बारीक.’ ताईंनी फोटो पाहिला, मग तिच्या भुवया पाहिल्या. छान जाड, काळ्याभोर. ‘नक्की ना गं?’ त्यांनी दोनदा विचारलं. ती म्हणाली, ‘हो हो ताई, येतात ना परत!’

येतात ना परत. हेच वाक्य मीही दर पंधरा दिवसांनी म्हणत आलेय. बहुतेक तुम्हीही म्हणत असाल. म्हणून हे लिहितेय.

माझी आई सत्तेचाळीस वर्षांची आहे. तिच्या भुवया नाकापासून सुरू होतात आणि मध्येच संपतात. उरलेली भुवई ती पेन्सिलने काढते. रोज, आमचे डबे भरून झाले की आरशासमोर दोन मिनिटं. मला त्याची कायम गंमत वाटायची. गेल्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात आई घामाघूम झाली, रुमालाने कपाळ पुसलं आणि एका बाजूची भुवई गायब! मी खो खो हसले. फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी पाठवल्या. आई काहीच बोलली नाही. पण त्यानंतरच्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.

दिवाळीत कपाट आवरताना तिचं कॉलेजचं आयकार्ड सापडलं. 1997चं. फोटोतल्या मुलीच्या भुवया माझ्यापेक्षा जाड. मी विचारलं, ‘आई, या कुठे गेल्या?’ ती हसून म्हणाली, ‘पार्लरमध्ये!’ मग सगळं सांगितलं. लग्नासाठी बघायला पाहुणे येणार म्हणून मामीने पहिल्यांदा पार्लरमध्ये नेलं. तेव्हा बारीक कमानीची फॅशन होती. सगळ्यांनी छान म्हटलं. मग दर पंधरा दिवसांनी जायची सवयच लागली. एक केस इकडेतिकडे दिसला की घरीच चिमट्याने उपटायचा. पस्तिशीनंतर लक्षात आलं, बाहेरच्या टोकाचे केस येतच नाहीयेत.

असं का होतं? डोक्यावरचा केस काही वर्षं वाढत राहतो. भुवईचा केस जेमतेम एक-दोन महिने वाढतो, थांबतो, गळतो आणि मग त्या जागी नवा येतो. दोरा किंवा चिमटा केस मुळापासून उपटतो, तेव्हा ते मूळही थोडं दुखावतं. एक-दोनदा त्याने काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं त्याच जागी तेच होत राहिलं, तर तिथून केस येणं कायमचं थांबू शकतं. त्यात वय वाढतं तशा बायकांच्या भुवया आपसूकच विरळ होतात. म्हणजे आपण विशीत उधळपट्टी करतो आणि चाळिशीत शिल्लक मोजतो.

गंमत म्हणजे पुरुषांचं उलट. वय झालं की त्यांच्या भुवयांचे काही केस लांब आणि राठ होत जातात. माझ्या बाबांचे सलूनवाले काका न विचारता कात्रीने ते छाटून देतात. त्यावर कुणी हसत नाही. मुलग्यांनो, तुम्हीही यातून सुटलेले नाही. भुवईत ब्लेडने चीर पाडायची फॅशन तुमचीच. ब्लेडने केस वरून कापला जातो, मूळ शाबूत राहतं, म्हणून तो सहसा परत येतो. पण जखम होऊन व्रण राहिला, तर ती चीर जन्मभराची.

आता फॅशनचा हिशोब बघा. 1930च्या दशकात हॉलिवूडमध्ये मार्लेन डीट्रिशच्या रेघेसारख्या भुवया गाजल्या. 1980च्या दशकात ब्रुक शील्ड्सच्या जाड भुवया. नव्वदीत पुन्हा बारीक. 2010नंतर कारा डेलेविनमुळे पुन्हा जाड. आणि आता रील्सवर परत बारीक! काजोलने मात्र नव्वदीत, सगळ्या बारीक कमानींच्या गर्दीत, आपल्या जाड, जवळपास जुळलेल्या भुवया तशाच ठेवल्या. तिचं काही अडलं का? फॅशन फिरून येते. केसांची मुळं येत नाहीत.

मी ‘आयब्रो करूच नका’ म्हणत नाहीये. मीही करते. ज्यांना करायच्या नाहीत, त्यांनी ‘जरा नीट कर गं’ म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावं. ज्यांना करायच्या आहेत, त्यांनी स्वतःचा मूळ आकार सोडू नये. ताईंना स्पष्ट सांगा, ‘बारीक नको, फक्त बाहेरचे काढा.’ बाहेरचं टोक शक्यतो सोडून द्या. दर पंधरा दिवसांऐवजी महिन्या-दीड महिन्याने जा. लांब केस उपटण्याऐवजी विंचरून कात्रीने छाटून घ्या. दोरा नवा आहे ना, हेही बघा, कारण थ्रेडिंगमधून चामखीळ आणि त्वचेचे संसर्ग पसरू शकतात.

आणि घरात आई, मावशी, काकू असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक म्हणजे, बाहेरचं टोक विरळ होणं हे थायरॉइड कमी पडत असल्याचंही लक्षण असू शकतं. थकवा, वजन वाढणं असं काही सोबत असेल तर साधी रक्ततपासणी करून घ्या. आम्ही आईची केली, नॉर्मल आली. दुसरं, डोक्याचा डाय भुवयांना लावू देऊ नका. डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. एरंडेल तेलाने केस मऊ आणि दाट दिसतील, पण मेलेलं मूळ त्याने जिवंत होत नाही. मायक्रोब्लेडिंग म्हणजे शेवटी टॅटूच. एक-दोन वर्षांत फिकट होतो, पुन्हा खर्च. त्यापेक्षा बरी पेन्सिल चांगली. केसांपेक्षा किंचित फिकट रंगाची, आणि एक सलग रेघ ओढण्याऐवजी केसांसारख्या छोट्या छोट्या रेघा.

हे मी आईसाठीच शिकले. आता घामाने न पुसली जाणारी पेन्सिल आणलीय. कधी कधी सकाळी तिच्या भुवया मीच काढून देते. पहिल्या दिवशी भुवया काढतानाच सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ‘हलू नकोस, वाकडी होईल.’

ग्रुपवरचा तो फोटो काढून टाकायला गेले, तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत कधीच उलटून गेली होती.

पार्लरमधल्या त्या मुलीला तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. तुमच्या शेजारच्या खुर्चीत अशी कुणी दिसली, तर तुम्ही तरी बोला.