प्राथमिक वर्गांतील नाताळ

नाताळ जवळ आला कीं प्राथमिक वर्गांच्या खिडक्यांवर कापसाचा बर्फ चिकटविण्याची चाल आपल्याकडे रूढ झाली आहे. यंदा दुसऱ्या इयत्तेंतील एका मुलानें विचारिलें, "गुरुजी, येशूबाळाच्या गांवांत कापूस पिकतो का?" वर्ग हंसला, आम्ही मात्र निरुत्तर झालों.

लूकच्या शुभवर्तमानांत गव्हाण आहे, रात्रीं कळप राखणारे मेंढपाळ आहेत. बर्फाचा उल्लेख नाहीं. तो थंड देशांतील चित्रांबरोबर आला. मेंढपाळ आणि गव्हाण आमच्या मुलांस चित्रावरून शिकावयास नकोत. धनगर त्यांच्याच शेतांत मेंढरें बसवितो.

डिसेंबरांत दख्खनच्या शिवारांत शाळू निसवलेला असतो, हरभऱ्यास घाटे धरतात, बोरी लगडतात. हें सारें शाळेच्या कुंपणापलीकडे असतां मुलांनीं कधीं न पाहिलेला ऋतु कात्रीनें कातरीत बसावें, हें आम्हांस पटत नाहीं. (खळ कपड्यांस लागते ती निराळीच!) शेजारी हा सण परका समजतात, याचें आपणांस वाईट वाटतें, पण आपलींच मुलें तसें समजूं लागलीं तर दोष कोणाचा? रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ति अभंगांत व कीर्तनांत आणिली. तेणेंकरून ती उणी झाली नाहीं.

कांहीं पालकांस बर्फावांचून वर्ग सुना वाटेल. वाटो. येत्या डिसेंबरांत ज्यांच्या शेतांत शाळू असेल त्यांनीं कणसांसह चार ताटें मुलांबरोबर पाठवावींत. गव्हाण आम्ही तयार ठेवूं.