ट्रॉलीमागची ओल

लोणावळा-खंडाळ्यात जुना बंगला विकायला काढला की गिऱ्हाईक यायच्या आत दोन कामं होतात. बाहेरून रंग आणि आतून नवं किचन. रंगाबद्दल आमची तक्रार नाही, इथल्या पावसात तो लागतोच. आमचं भांडण आहे ते किचनशी. चाळीस-पन्नास वर्षांची सागवानी कपाटं उचकटून काढायची, त्या जागी चकचकीत सनमायकाच्या ट्रॉल्या बसवायच्या आणि 'मोड्युलर किचन' म्हणून भाव वाढवून मागायचा, हे आम्हाला पटत नाही.

कुणी म्हणेल, होस्टेलवर राहणाऱ्यांना बंगल्यांची कसली काळजी? आधी मेसमधल्या कपाटाचं दार लागतं का ते बघा! अहो, पण आपल्यातले बरेच जण याच मावळातले आहेत. कुणाचे वडील सुतारकाम करतात, कुणाचा मामा जागांची दलाली करतो. आणि चार-पाच वर्षांनी आपल्यातलेच काही सिव्हिलवाले 'घर ठीक आहे' असं लिहून खाली सही करणार आहेत.

पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या घरात. तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यात ही घरं शनिवार-रविवारची. २००२ साली एक्सप्रेस-वे पूर्ण झाला आणि मुंबईहून इथे येणं सोपं झालं. पण घर आठवडाभर बंदच, ऐन पावसाळ्यात तर महिना-महिना. खिडकी उघडायला कोणी नाही. पूर्वी गावातल्या घरात चूल पेटायची, तिच्या धुरानं आणि उबेनं लाकूड कोरडं राहायचं. बंद बंगल्यात ते काम कोण करणार?

अशा हवेत लाकूड आपणहून पाणी ओढतं. आर्द्रता नव्वद टक्क्यांवर बरेच दिवस राहिली की लाकडातलं पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जातं, आणि तिथून पुढे बुरशीचं राज्य. सागवान यात तग धरतो, कारण त्यात मुळातच तेल असतं, तो फुगतो-आकसतो कमी आणि वाळवीला आवडत नाही. पुरावा बघायला लांब जायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत ना, त्या सुमारे दोन हजार वर्षं तिथेच आहेत!

आता नव्या ट्रॉल्यांचं बघा. विकायच्या घरात खर्च कमीत कमी करायचा, म्हणून आत असतो पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबलेला. हा डिंक बहुतेक वेळा युरिया फॉर्माल्डिहाइडचा. ओलावा आणि उष्णता मिळाली की त्याचे बंध सुटायला लागतात. (केमिस्ट्रीत हायड्रोलिसिस घोकलं होतं ते हेच.) सिंकसाठी कापलेली कड, बिजागरीच्या स्क्रूची भोकं, इथून पाणी शिरतं. बोर्ड एकदा फुगला की वाळवूनही पूर्ववत होत नाही. आयएस ७१० चा मरिन प्लाय यापेक्षा कितीतरी चांगला, त्याला उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून तपासतात. पण तो महाग, आणि उद्या विकायच्या घरात तो कोण घालतो?

इथवर नुसत्या पैशांचा प्रश्न होता. खरी गोम वेगळीच आहे. स्वयंपाकघराची पावसाकडची भिंत ओली असते, पोपडे धरलेले असतात, म्हणूनच तिथे भिंतभर कपाट येतं. पोपडे झाकले जातात, वर भिंतीचं वाळणंही बंद होतं. घेणाऱ्याला कळतं ते पहिल्या पावसाळ्यानंतर.

याला काही लोक 'धंद्यात एवढं चालतंच' म्हणतात. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मात्र तसं म्हणत नाही. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. २०१६ चा रेरा कायदा बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षं बिल्डरला धरतो, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या बंगल्याला बिल्डर कुठून आणायचा? तिथे हे कलमच कामाचं.

जुनं सगळं ठेवाच असा हट्ट नाही. वाळवीने पोखरलेलं, तळाला कुजलेलं कपाट काढलंच पाहिजे. पण बाकीच्यांना काय लागतं? बिजागऱ्या बदला, अडकणारी दारं रंधून घ्या, पॉलिश मारा, मागे बोटभर फट ठेवून हवा खेळू द्या. एका चांगल्या सुताराचं काही दिवसांचं काम आहे. वाचलेल्या पैशात आधी भिंतीचं वॉटरप्रूफिंग करा आणि गिऱ्हाईकाला तेच दाखवा. उचकटलेला साग वखारवाला हसत हसत घेऊन जातो, तो काय उगाच?

आणि घर बघायला येणाऱ्या मंडळींनो, तुम्ही येता डिसेंबर-जानेवारीत, छान थंडीत. सिंकखालचा खण पूर्ण बाहेर ओढा, टॉर्च मारा, मागच्या भिंतीला तळहात लावा, वास घ्या. एजंटने तोंड वाकडं केलं तर करू द्या. जमलं तर जुलैत पुन्हा एकदा या. येताना छत्री आणा.