खडकीत एकच सही पुरते

जयप्रकाशजींनी १९७४ च्या बिहार आंदोलनात लोकप्रतिनिधीला परत बोलावण्याचा हक्क मागितला. तेव्हापासून, त्यासाठी किती मतदारांच्या सह्या असाव्यात याचा खल समाजवादी चळवळीत चालू आहे. खडकीपुरते उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. तेथे एकच सही पुरते, आणि ती मतदाराची नसते! २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार निवडून आलेल्या सदस्याला ठरावीक कारणांवरून दूर करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. ज्यांनी त्याला निवडून दिले, त्यांच्या हजार सह्यांनाही या कायद्यात मोल नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्वाचित सदस्यांची मुदत संपली आणि बोर्डाचा कारभार लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व एक नामनियुक्त नागरिक यांच्या हाती गेला. ३० एप्रिल २०२३ ची निवडणूक जाहीर होऊन मार्चमध्येच रद्द झाली. जेथे निवडणूकच होत नाही, तेथे परत बोलावण्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे: सत्तेची किल्ली मतदाराच्या हाती नाही. खडकीचा नागरी भाग महापालिकेत गेला म्हणूनही हे दुखणे बरे होणार नाही. नगरसेवकाला परत बोलावण्याचा हक्क महापालिका कायद्यानेही मतदाराला दिलेला नाही.

मग सह्या किती असाव्यात? चार हजार मतदारांच्या प्रभागात दहा टक्के म्हणजे अवघ्या चारशे. पराभूत उमेदवार किंवा दुखावलेला ठेकेदार त्या आठवड्याभरात जमवील. उलट निम्म्या मतदारांची अट घातली, तर हक्क कागदावरच राहील. कारण मत गुप्त असते, सही उघड असते. सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारा दारूगोळा कारखान्यातील कामगार किंवा बोर्डाच्या गाळ्यातील छोटा दुकानदार सही करण्यापूर्वी दहादा विचार करील. म्हणून एक-चतुर्थांश मतदारांच्या सह्यांनी प्रक्रिया सुरू व्हावी आणि निर्णय गुप्त मतदानाने, निम्म्याहून अधिक मतांनी व्हावा. पहिल्या वर्षी मात्र हे अस्त्र उपसता येऊ नये.

२००१ मध्ये मध्य प्रदेशातील अनुपपूरच्या मतदारांनी आपल्या नगराध्यक्षांना मतदानाने परत बोलावले. पण तेथे प्रारंभ तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी करावयाचा होता. मतदाराला शेवटचा शब्द मिळाला, पहिला नव्हे. आम्हांस दोन्ही हवेत.

आणि एक-चतुर्थांश कोणत्या यादीचा? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर कॅन्टोन्मेंटच्या याद्यांतून अनधिकृत ठरलेल्या घरांतील रहिवाशांची नावे वगळण्यात आली. झोपडीतला श्रमिक यादीतच नसेल, तर टक्केवारी कितीही ठरवा, त्याची सही शून्यच! प्रतिनिधी निवडणे, त्याला परत बोलावणे आणि यादीत नाव असणे हा एकच हक्क आहे. खडकीच्या नागरिकांनी तो संपूर्ण मागावा; तुकड्यांवर समाधान मानू नये.