झोपलेला वाय-फाय उठलाच नाही तर?

दोस्तांनो, बोरिवली असो की मुलुंड, घरात लॅपटॉप असेल तर हे तुम्ही पाहिलंच असेल. झाकण उघडलं, पडदा उजळला, अर्धवट निबंधही जागच्या जागी; पण वाय-फायचा पत्ताच नाही! मग आई म्हणते, "बंद करून चालू कर."

झाकण मिटलं की लॅपटॉप बंद होत नाही, झोपतो. बहुतेक वेळा मेमरीला तेवढी थोडी वीज मिळत राहते, बाकीच्यांची तोडली जाते. प्रत्येक उपकरणाची काळजी घेणारा एक प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर (रिक्षावाला नव्हे हं!). उपकरण कुठल्या स्थितीत होतं ते तो टिपून ठेवतो आणि जाग आल्यावर तशी घडी पुन्हा बसवतो. उठण्याचा क्रमही ठरलेला. सोसायटीचा पंप चालू झाल्याशिवाय चौथ्या मजल्याच्या नळाला पाणी येईल का? तसंच आधी यूएसबीचा कंट्रोलर उठतो, मग त्याला जोडलेला कॅमेरा.

आता गंमत बघा. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्सचा कोड कुणालाही वाचता येतो, म्हणून आतली रीत कळते. झोपताना एकाही ड्रायव्हरने "जमत नाही" म्हटलं, तर सगळ्यांची झोप रद्द! उठताना मात्र एखादा उठला नाही, तर त्याची नोंद करून बाकीच्यांना उठवलं जातं. बरोबरच आहे. वाय-फायसाठी अख्खा लॅपटॉप अडला, तर तुमचा निबंध वाचवायचा कसा?

पेनड्राइव्हचं प्रकरण मात्र नाजूक. जाग आल्यावर कॉम्प्युटर त्याचा क्रमांक पाहून "तोच का तू?" हे तपासतो. पण तुम्ही मधल्या वेळात तो काढून मित्राच्या कॉम्प्युटरवर काही लिहून परत लावलात, तर क्रमांक तोच! कॉम्प्युटर जुन्याच नोंदींवर विसंबून लिहू लागतो आणि फायलींचा चुथडा होऊ शकतो. म्हणून काढायचाच असेल तर झोपवण्याआधी, रीतसर 'इजेक्ट' करून.

चांद्रयान-३ च्या 'विक्रम'लाही ४ सप्टेंबर २०२३ रोजी असंच झोपवलं होतं. हाक ऐकू यावी म्हणून रिसीव्हर तेवढा चालू ठेवला होता. चंद्रावरची गोठवणारी रात्र सरल्यावर, २२ सप्टेंबरला इस्रोने हाक मारली. उत्तर आलं नाही. पण 'विक्रम'ने गोळा केलेली माहिती झोपण्याआधीच पृथ्वीवर पोचली होती.