लोखंडाचा शीण

गेल्या श्रावणात मुरबाडास धाकट्या बहिणीकडे जाण्याचा योग आला. तिचा मुलगा मुंबई हाय येथे, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर भर समुद्रात, खनिज तेलाच्या फलाटावर नोकरीस आहे. चौदा दिवस समुद्रात व चौदा दिवस घरी, असा त्याचा क्रम. त्या रात्री वाऱ्याने पडवीवरचे पत्रे थडथडत होते. बहीण म्हणाली, "दादा, इथे ही गत, तर तिकडे काय असेल? ते लोखंड किती पावसाळे काढील?" भाचा हसून म्हणाला, "आई, मोठ्यात मोठी लाट धरूनच ते बांधलेले असते."

उत्तर खरे होते. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते. तिचा प्रश्न एका मोठ्या लाटेचा नव्हता, असंख्य लहान लाटांचा होता.

तार एकदा वाकविल्याने तुटत नाही. तीच तार त्याच जागी मागेपुढे वाकवीत राहिल्यास पाचपंचवीस खेपांत तुटते, हे शाळेतील प्रत्येक खोडकर मुलास ठाऊक असते. यास धातूची श्रांती म्हणतात. जर्मनीतील वोलर नामक अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून हे शास्त्र पायावर उभे केले. आमच्या शहापूर तालुक्यातील लोकांस त्याचा प्रत्यय थंडीच्या दिवसांत येतो. पहाटे आसनगाव-कसारा बाजूस रुळास तडा गेल्याची वार्ता येते व गाड्या खोळंबतात. लोक थंडीस दोष देतात. वास्तविक थंडीने रूळ आखडतो व ताण वाढतो एवढेच. आतील बारीक चीर बहुधा हजारो चाकांनी आधीच पाडून ठेविलेली असते.

येथे बोपदेवाची आख्यायिका आठवते. विहिरीच्या दगडास घागरींनी पडलेली खळी पाहून त्या मंदबुद्धी विद्यार्थ्यास धीर आला व पुढे तो मोठा वैयाकरण झाला. मीही ही गोष्ट वर्गात कैकदा सांगितली आहे. परंतु लोखंडाच्या बाबतीत ती फसवी आहे. दगडाची खळी डोळ्यांस दिसते. लोखंडाचा शीण चीर पडेपर्यंत दिसत नाही. म्हणूनच तो मोजावा लागतो.

मोजण्याची युक्ती घरच्या कोठीसारखी आहे. अमुक ताणाचे दहा लक्ष हेलकावे खाऊन एखादा सांधा तुटतो असे प्रयोगान्ती ठरले, तर एका हेलकाव्याने आयुष्याचा दहा लक्षांश खर्ची पडला असे मानावयाचे. निरनिराळ्या ताणांचे असे अंश मांडून बेरीज करावयाची. ती एक झाली की कोठी रिती. पामग्रेन याने १९२४ साली व मायनर याने १९४५ साली मांडलेला हा नियम आजही वापरात आहे. समुद्रात सरासरी आठ सेकंदांस एक लाट धरली, तर वर्षास एकोणचाळीस लक्षांहून अधिक व पंचवीस वर्षांत सुमारे दहा कोटी लाटा होतात. वेल्डिंगच्या सांध्यात ताण दुप्पट झाला की हानी साधारण आठपट होते. तरीही बहुतेक हानी वादळी लाटांनी होत नाही, मध्यम लाटांनी होते. कारण त्यांची संख्याच अफाट! शिवाय खांबांवर शिंपल्यांची पुटे चढली की खांब जाडावतो आणि लाटेचा जोर वाढतो.

हिमसमुद्रात हाच हिशेब अधिक बिकट होतो. चीनच्या उत्तरेकडील बोहाई समुद्रात १९६९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या रेट्याने एक फलाट कोसळला. पुढे फलाट मजबूत झाले. पण वाहता बर्फ सरळ खांबावर चिरडताना तालात धक्के देतो, आणि तो ताल खांबाच्या स्वाभाविक हेलकाव्याशी जुळला की झोपाळ्यास झोके द्यावे तसा फलाट थरथरू लागतो. त्यावर उपाय म्हणून खांबास पाण्याच्या पातळीवर शंकूचा घेर बसवितात. बर्फ त्या उतारावर चढतो व वाकून मोडतो; वाकविण्यास तो कच्चा असल्याने धक्का सौम्य होतो. परंतु बर्फाची जाडी, वेग व दिवस दर हिवाळी निराळे. लाटांस निदान पावसाळ्याचे वेळापत्रक असते.

हिशेबही सर्वज्ञ नव्हे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा तरंगता फलाट उलटून १२३ माणसे बुडाली. एका तिरप्या आधारावर लहानसे यंत्र बसविण्यासाठी केलेल्या वेल्डिंगपासून चीर वाढत गेली होती. चिरेच्या आत जुना रंग सापडला. म्हणजे फलाट बांधला तेव्हापासूनच ती तेथे होती!

म्हणून कागदावरील आयुष्य इच्छित आयुष्याच्या किमान दुप्पट धरण्याचा प्रघात आहे, आणि तेवढ्यावर न थांबता पाणबुडे खाली उतरून शेवाळ-शिंपले खरवडतात व चुंबकीय भुकटीने सांधे तपासतात. मुंबई हायचे तेल १९७४ साली सापडले, १९७६ पासून उपसा सुरू झाला. तेथील कित्येक फलाटांनी पंचवीस वर्षांची ठरीव मर्यादा केव्हाच ओलांडली असून फेरहिशेब व पाहणी करून ते चालविले जातात.

हे सारे मी बहिणीस समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मुलास विचारले, "तुझ्या फलाटाखाली पाणबुडे शेवटचे केव्हा उतरले होते रे?"

भाच्यास सांगता येईना. "गेल्यावर विचारतो," तो म्हणाला.