यादीबाहेर राहिलेला सह्याद्री

पश्चिम घाटातील ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरविणारा सहावा मसुदा केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध केला. त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र येते. त्यातील १०८ गावे प्रामुख्याने सत्तरी, सांगे आणि काणकोण या डोंगराळ पट्ट्यातील. त्यांपैकी २१ गावे वगळावीत, असा राज्य सरकारचा आग्रह आहे. कोणते गाव राहणार आणि कोणते सुटणार, याभोवतीच चर्चा फिरत राहिल्याने यादीबाहेरील पेडणे आणि डिचोलीचा प्रश्न मागे पडला.

वास्तविक या दोन्ही तालुक्यांचे जीवन सह्याद्रीशीच बांधलेले आहे. घाटातून उतरणाऱ्या तिळारीचे पाणी कालव्यांवाटे येथील शेतीला मिळते. सीमेपलीकडील सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग असल्याने तेथील २५ गावांच्या संरक्षणाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिला. सीमेअलीकडे मात्र तसे कवच नाही.

येथील जांभ्याचे सडे पावसाचे पाणी जिरवतात आणि पायथ्याच्या झऱ्यांना पुरवतात. त्या पाण्यावर कुळागरे उभी राहिली, झऱ्यांकाठच्या राया देवाच्या नावाने राखल्या गेल्या. राखणदाराच्या धाकाने कुऱ्हाड थांबली आणि दुर्मीळ वृक्षवेली टिकल्या. श्रद्धा व जैवविविधता येथे एकाच मुळावर पोसलेल्या आहेत. त्यामुळे सड्याचे रूप पालटले की दोन्हींना झळ बसते. मोपच्या पठारावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच महिन्यात डिचोली-मुळगाव आणि शिरगाव-मये या खाणपट्ट्यांचे लिलाव पार पडले. शिरगाव तर श्रीदेवी लईराईचे स्थान.

रोजगाराची निकड नाकारता येणार नाही. परंतु केंद्राच्या अंतिम अधिसूचनेची वाट पाहणे हा एकमेव मार्गही नाही. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जैवविविधता वारसास्थळ घोषित करू शकते. डिचोलीतीलच सुर्ल येथील पूर्वतळी राय हे गोव्याचे असे पहिले वारसास्थळ. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी राया, झरे आणि सडे यांची नोंद केली, तर तोच मार्ग इतर गावांनाही खुला आहे. नोंदीतच नसलेली राय प्रकल्पाच्या नकाशावर निव्वळ मोकळी जमीन ठरते.